अंगावरचे केस: मुलामुलींचे आणि आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. वयात येण्याचा धडा चालू असताना वर्गात कुणी तोंड उघडत नाही. मग वहीत घडी करून चिठ्ठ्या येतात, मधल्या सुट्टीत मुली स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतात, पालकसभा संपल्यावर एखादी आई मागे रेंगाळते. विषय बहुतेक वेळा अंगावरच्या केसांचा असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांना दाखवायलाच हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आता आपण कपडे घालतो. मग अंगावर केस हवेतच कशाला?

ऊब देण्याचं काम आपल्या केसांनी कधीच सोडलं. पण प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूंची जाळी असते, आणि केस जरासा हलला तरी मेंदूला खबर जाते. डोळे मिटून हातावरची लव बोटाने नुसती हलवून बघा, कातडीला स्पर्श न करता. कळतं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात लोकांच्या एका हातावरची लव काढून दोन्ही हातांवर ढेकूण सोडले होते. लव असलेल्या हातावर ढेकूण लवकर कळला, आणि ढेकणालाही चावायला जागा शोधायला जास्त वेळ लागला.

पापण्यांचे केस डोळ्यात धूळ जाऊ देत नाहीत, भुवया कपाळावरचा घाम बाजूला वळवतात, नाकातले केस हवा गाळतात. काखेत आणि जांघेत कातडी कातडीला घासते, तिथे केसांमुळे घर्षण कमी होतं. केसाच्या मुळाला एक बारीकसा स्नायूही असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की तो आवळतो, केस उभा राहतो आणि अंगावर काटा येतो.

माकडांच्या अंगभर केस, आपल्या अंगावर एवढे कमी कसे?

केसांची मुळं आपल्यालाही भरपूर आहेत. माणसाच्या शरीरावर सुमारे ५० लाख केसमुळं असतात आणि त्यातली जेमतेम लाखभर डोक्यावर. तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर जवळजवळ सगळीकडे केस आहेत. चिंपांझीशी तुलना केली तर मुळांच्या दाटीत फार फरक नाही. त्याचे केस जाड आणि लांब, आपले बहुतेक केस इतके बारीक आणि फिके की दिसतच नाहीत.

असं का झालं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सर्वांत जास्त पटणारं कारण घामाचं आहे. आपले पूर्वज आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर उन्हात लांबवर चालू-पळू लागले, तेव्हा शरीर थंड ठेवणं हा जिवाचा प्रश्न झाला. आपल्याला २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत, आणि दाट केसांखाली घाम नीट वाळत नाही. डार्विनचा कल जोडीदाराच्या आवडीनिवडीकडे होता. २००३ मध्ये पेजेल आणि बॉडमर या शास्त्रज्ञांनी उवा-गोचिडांपासून सुटका हे कारण मांडलं. मला वाटतं यातलं एकच खरं मानण्याची गरज नाही.

त्वचेच्या रंगाशी निगडित एका जनुकावरून असा अंदाज आहे की आपली त्वचा उघडी पडून निदान १२ लाख वर्षं झाली. अंगावरची लव ही मागासलेपणाची खूण आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हा आकडा सांगा.

डोक्याचे केस कंबरेपर्यंत वाढतात, हाताचे का नाही वाढत?

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. डोक्यावर वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो आणि महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढ होते. हातापायांवर आणि भुवयांत हा काळ काही महिन्यांचाच असतो. लांबी त्यावर ठरते, कात्रीवर नाही.

रेझर फिरवला की केस जास्त आणि राठ येतात ना?

नाही. एवढ्या ठामपणे मी फार थोडी उत्तरं देते.

कातडीच्या वर दिसतो तो केस मेलेला असतो. जिवंत भाग खाली मुळाशी आहे आणि पातं तिथवर पोचतच नाही. अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली दाढीचे केस मोजूनमापून दाखवलं की भादरल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. १९७० मध्ये काही तरुणांचा एक पाय दर आठवड्याला भादरून आणि दुसरा तसाच ठेवून पुन्हा तपासणी झाली. फरक दिसला नाही.

मग राठ का वाटतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. पात्याने ते मधूनच तुटतं आणि खुंट वर येतो, तो बोटाला टोचतो. उन्हाने आणि साबणाने अजून फिका न पडल्यामुळे काळाही दिसतो. शिवाय बहुतेक जण भादरायला सुरुवात करतात ती वयात येताना, म्हणजे केस तसेही दाट होत असतात तेव्हाच. दोष रेझरच्या माथी बसतो.

नवजात बाळाच्या पाठीवर, खांद्यावर लव आहे. कणकेचा गोळा फिरवावा का?

नको. ही लव गर्भात चौथ्या-पाचव्या महिन्यात येते आणि बहुतेक बाळांची जन्माआधीच गळते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या अंगावर ती जास्त दिसते आणि काही आठवड्यांत आपोआप जाते. आजी डाळीचं पीठ आणि साय लावून चोळते, लव जाते, आणि श्रेय पिठाला मिळतं. आजीच्या मायेबद्दल शंका नाही. पण नवजात कातडी फार नाजूक असते, चोळल्याने लाल होते, पुरळ येतं. तेल लावून हलक्या हाताने मालिश करा, तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र बघा. कमरेच्या खाली, अगदी मणक्यावर केसांचा वेगळा झुपका असेल किंवा तिथे खड्डा असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो मणक्याच्या आतल्या दोषाची खूण असतो.

मुलगी तिसरीत आहे आणि काखेत केस दिसायला लागले. लवकर आहे का?

मुलींमध्ये ८ वर्षांच्या आधी आणि मुलांमध्ये ९ वर्षांच्या आधी काखेत किंवा जांघेत केस आले, तर डॉक्टरांना दाखवावं. पुष्कळदा ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जरा लवकर जाग्या झाल्यामुळे असतं आणि काळजीचं नसतं, पण ते ठरवणं आपलं काम नाही. त्यानंतरच्या वयात आले तर ते वाढीचंच लक्षण. मुलीलाही याच शब्दांत सांगा.

मुलीच्या हातापायांवर केस जास्त आहेत, वर्गात चिडवतात. वॅक्सिंग कितव्या वर्षी सुरू करावं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आया विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्यात ठाण्यात काय उकाडा असतो ते वेगळं सांगायला नको. त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून बसणाऱ्या मुली मी दर वर्षी बघते. कपाळावरून घाम ओघळत असतो, तरी जॅकेट निघत नाही. पी.टी.च्या तासाला पोट दुखतं, कबड्डीच्या संघातून नाव मागे घेतलं जातं. विचारलं तर आधी काही बोलत नाहीत. मग कळतं की बाकावरच्या कुणीतरी हाताकडे बघून एक शब्द उच्चारला होता.

आधी चिडवणं थांबवायला हवं, आणि ती आमची जबाबदारी आहे. वर्गशिक्षिकेला येऊन भेटा, 'मुलं म्हणतातच' असं उत्तर ऐकून घेऊ नका. घरातही बघा. 'अस्वल' हा शब्द मुलीने पहिल्यांदा घरच्या लग्नात मावशीच्या नाहीतर आत्याच्या तोंडून ऐकलेला असतो, हे मला बऱ्याच जणींनी सांगितलं आहे.

मग राहिला केस काढण्याचा प्रश्न. त्याला ठरलेलं वय नाही. मुलगी स्वतःहून म्हणत असेल, त्याने तिला मोकळं वाटणार असेल, तर अडवू नका आणि व्याख्यानही देऊ नका. ती म्हणत नसेल तर तुम्ही विषय काढू नका. शाळकरी वयात गरम वॅक्सपेक्षा ट्रिमर बरा: दुखत नाही, भाजत नाही, कातडी सोलत नाही. आणि तिला आधी हे सांगा की हातापायांवर केस असणं हा आजार नाही.

हे निव्वळ समजुतीसाठी म्हणत नाही. स्त्रीच्या अंगावरचे केस प्रमाणाबाहेर आहेत का, हे डॉक्टर एका मोजमापाने बघतात. फेरिमन आणि गॅलवे यांनी ते १९६१ मध्ये बसवलं. त्याच्या आज वापरात असलेल्या सुधारित पद्धतीत शरीराच्या नऊ जागा बघून प्रत्येकीला ० ते ४ गुण देतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांड्या. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि गुडघ्याखालचा पाय या यादीत नाहीत, कारण तिथले केस पुरुषी संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) फारसे अवलंबून नसतात, घराण्याकडून येतात. ज्या केसांवरून मुलीला सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात, ते डॉक्टर मोजतसुद्धा नाहीत.

ओठांवर, हनुवटीवर राठ केस आले आहेत. पीसीओडी असेल का?

असू शकतं. तपासून घ्या, पण इंटरनेटवर वाचून घाबरू नका.

प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी पुरुषी संप्रेरकं असतात. ती वाढली, किंवा केसमुळं त्यांना जास्त दाद देऊ लागली, की बारीक लवेच्या जागी काळा, जाड केस येतो. स्त्रियांमध्ये याचं सर्वांत नेहमीचं कारण पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचं आणि बीजकोशांचं काम बिघडवणारा विकार, ज्याला आपण सगळे पीसीओडी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या १०० पैकी ८ ते १३ स्त्रियांना ते असतं, आणि त्यातल्या बहुतेकींना माहीतही नसतं.

केसांबरोबर पाळी अनियमित असेल, मुरमं जात नसतील, मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळसर थर असेल, वजन भराभर वाढत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं सर्रास आढळतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे की पाळी सुरू होऊन ८ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात नुसत्या सोनोग्राफीवरून 'पीसीओडी' लिहिलेला कागद पडला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दोन-तीन महिन्यांत झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे मागे सरकू लागले, तर वाट बघू नका. क्वचित बीजकोशाची किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ असू शकते.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचा फोटो छापून आला आणि लोकांनी गुणांऐवजी तिच्या ओठांवरच्या केसांची चर्चा केली. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुली तो फोटो एकमेकींना दाखवत होत्या, आणि काहीच बोलत नव्हत्या. मी तो तास रद्द करून हाच विषय शिकवला.

गोरं होण्याचं क्रीम लावल्यापासून गालावर लव वाढली. संबंध आहे का?

दाट शक्यता आहे. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या अनेक 'तीन औषधं एकत्र' क्रीम्समध्ये स्टेरॉईड असतं. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं येतात आणि केस वाढतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती अजून घेतली जातात. मात्र एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना विचारून सोडा. डोक्याचे केस वाढावेत म्हणून लावलेलं मिनॉक्सिडिल आणि फिटची काही औषधं यांनीही अंगावर केस वाढतात.

सर्वांना मिशी फुटली, मला अजून नाही. छातीवर तर काहीच नाही.

मुलगे हे विचारतात ते चिठ्ठीतूनच, नाव न घालता. बाळांनो, दाढीमिशी वयात येण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात येते, आणि छातीवरचे केस तर विशी-पंचविशीपर्यंत वाढत राहतात. किती येणार हे वडील, आजोबा आणि मामा यांच्याकडे बघून थोडंफार कळतं. चौदा वर्षं पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीच खूण नसेल तर डॉक्टरांना भेटा. छातीवर केस नसलेला माणूस दगाबाज असतो, ही समजूत निव्वळ खोटी आहे. आणि मिशीसाठी घरातलं कुणाचंही क्रीम लावू नका.

खालचे केस काढणं स्वच्छतेसाठी गरजेचं आहे का?

नाही. रोज आंघोळीला साधं पाणी आणि बाहेरच्या बाजूला सौम्य साबण पुरतो. काढायचेच असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करणं सर्वांत सुरक्षित. पात्याने बारीक जखमा होतात, त्यातून जंतू शिरतात, पावसाळ्यात ओलसर कपड्यांखाली पुळ्या येतात. केस काढण्याचं क्रीम तिथे वापरू नका.

बाळंतपणाआधी सरसकट शेव्हिंग करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. शस्त्रक्रियेआधीही वस्तरा नको, अगदी गरज असेल तर क्लिपरने केस कापावेत, अशी २०१६ पासूनची तिची शिफारस आहे. प्रसूतीगृहात नाव नोंदवताना हे जरूर विचारा.

काखेच्या वासाबद्दलही विचारतात. घामाला स्वतःला फारसा वास नसतो. काखेतल्या खास ग्रंथींच्या स्रावावर कातडीवरचे जिवाणू काम करतात आणि वास येतो. केस कमी केले तर काख धुवायला सोपी जाते, एवढंच.

पार्लरमध्ये किंवा सलूनमध्ये काय बघावं?

सलूनमध्ये ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर पाकिटातून काढलेलं हवं. वापरलेल्या ब्लेडमधून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. घरातही रेझर प्रत्येकाचा वेगळा.

वॅक्स लावायची पट्टी अंगावर फिरवून पुन्हा डब्यात बुडवत असतील तर उठून या. वॅक्स आधी मनगटावर लावून बघायला सांगा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स बिलकूल नको, कातडी सोलून निघते. मधुमेह असेल तर जपून. थ्रेडिंगचा दोरा बहुतेक ठिकाणी ताई दातात धरतात. एक टोक दातात, दोन बोटांत पीळ, आणि 'कातडी ताणून धरा' म्हणत झरझर चालणारा हात. बघायला कमालीचं कसब आहे. पण तोंडातली लाळ आणि नुकतीच सोललेली कातडी यांची गाठ पडते, म्हणून दोरा गळ्यात अडकवून थ्रेडिंग करणाऱ्या ताई मिळाल्या तर त्यांच्याकडे जा.

केस काढल्यावर त्या जागी दुखरी गाठ आली, म्हणजे केसतोड झालं, तर दाबू नका. कोमट पाण्याने शेका, ताप आला किंवा लाली पसरली तर डॉक्टर. नाकातला केस तर कधीच उपटू नका, लहान गोल टोकाच्या कात्रीने कापा.

स्टेशनपासून घोडबंदरपर्यंत लेझरच्या जाहिराती आहेत. 'कायमचे' जातात का?

खूप कमी होतात आणि बारीक होतात. पूर्ण आणि कायमचे जातीलच असं नाही. केसातला काळा रंग लेझरचा प्रकाश शोषून घेतो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. वाढीच्या टप्प्यातले केसच सापडतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ वेळा जावं लागतं, आणि पुढेही अधूनमधून.

आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो, त्यामुळे चुकीच्या यंत्राने डाग पडतात किंवा भाजतं. गडद त्वचेसाठी एनडी-याग प्रकार जास्त सुरक्षित समजला जातो. कोणतं यंत्र आहे आणि ते कोण चालवणार, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. पीसीओएसवर उपचार न करता लेझर केलं तर नवे केस येत राहतात. काही जणींना, विशेषतः गालावर आणि मानेवर, उलट बारीक केस वाढतात. हे जाहिरातीत लिहीत नाहीत.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड नाही का? आपल्याकडे पूर्वी कुठे होतं?

काखा भादरण्याची आजची सक्ती बरीचशी तिकडून आली, हे खरं. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत बिनबाह्यांचे पोशाख आले, तेव्हाच बायकांसाठी वेगळा रेझर बाजारात आला आणि मासिकांत जाहिराती झळकू लागल्या. त्याआधी तिकडच्या बहुतेक बायकांना काखेतल्या केसांची लाज वाटत नव्हती. आपल्या संस्कृत कवींनी तर नाभीवरच्या रोमावळीला, म्हणजे बारीक केसांच्या रेषेला, स्त्रीच्या सौंदर्यात मोलाचं स्थान दिलं होतं.

पण आपल्याकडे केसांवर नियम नव्हते असं मुळीच नाही. बाळाचं जावळ, मुंजीतलं मुंडण, वडील गेल्यावर उतरवलेली मिशी, श्रावणात न केलेली दाढी, जैन साधूंचं हाताने केस उपटणं, शिखांनी एकही केस न कापणं, इस्लाममधली चाळीस दिवसांच्या आत काखेतले आणि जांघेतले केस काढण्याची रीत. माणसं केसांतून श्रद्धा, दुःख, वय, जात, वैवाहिक स्थिती सगळं सांगत आली.

त्यातली सर्वांत क्रूर रीत विधवांच्या केशवपनाची. ती मोडायला पुढे आलेल्यांत नारायण मेघाजी लोखंडे होते, गिरणी कामगारांचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि जन्माने ठाणेकर. त्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवून संप केला. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनी तो खाली ठेवला. दुसऱ्याच्या केसांचं काय करायचं हे आपण ठरवू नये, ही गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. हे मी दर वर्षी वर्गात सांगते, पुस्तकात नसलं तरी.

कानावरचे केस फक्त वडिलांकडून मुलाला जातात ना?

अनेक पाठ्यपुस्तकांत, वडिलांकडून फक्त मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्राचं उदाहरण म्हणून तसं दिलेलं असतं. दक्षिण भारतातल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या समजुतीला आधार सापडला नाही.

पाळी गेल्यावर हनुवटीवर केस येतात, ते का?

स्त्री-संप्रेरकं घटतात, पुरुषी संप्रेरकं तेवढी घटत नाहीत, पारडं झुकतं. चिमट्याने काढा, हरकत नाही.

आणि केस कमी झाले तर?

तेही बघायला हवं. भुवईचा बाहेरचा भाग विरळ झाला तर थायरॉईड तपासा. भुवया झडल्या आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. मधुमेही किंवा सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या नडग्यांवरचे केस गेले, पाय थंड पडू लागले, चालताना पोटऱ्या दुखल्या, तर पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. कुठे, आणि काय घेऊन?

खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसतील तर ठाणेकरांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांसाठी वाशीचं महापालिका रुग्णालय. केसपेपर काढताना त्वचारोग की स्त्रीरोग हे विचारतील. पाळीही अनियमित असेल तर स्त्रीरोग सांगा.

मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या आणि चेहऱ्याला लावलेल्या क्रीमची रिकामी ट्यूब सोबत न्या. रक्त तपासायला सांगितलं तर पाळीच्या कितव्या दिवशी द्यायचं ते विचारून घ्या, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी बोलावतात. आणि जाण्याआधी दोन-तीन आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग करू नका. केस दिसलेच नाहीत तर डॉक्टर मोजणार काय? तेवढे दिवस शाळेत कुणी काही बोललं तर मला येऊन सांगा.